नाणं चलनात किती वर्षं टिकतं?

ठरावीक वय नाही. नाण्याचा धातू, त्याची झीज आणि सरकारचा हुकूम यांवर सगळं अवलंबून असतं.

जुन्या काळी नाण्याची किंमत मुख्यतः त्याच्या धातूत असायची. त्यामुळे राजा गेला तरी नाणं चालायचं. चांदीची आहत नाणी, म्हणजे छोटे ठसे मारून बनवलेली प्राचीन नाणी, पाडणं थांबल्यावरही ती दीर्घकाळ हातोहात फिरत राहिली. हातोहाती नाणं झिजतं, वजन घटतं. इतिहासकार दामोदर कोसंबींनी तक्षशिलेच्या नाण्यांची वजनं करून या झिजेवरूनच त्यांचा कालक्रम लावला. मला हे काम फार मोलाचं वाटतं. कधी नवा राजा जुन्याच नाण्यावर स्वतःचा छाप मारायचा. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा उमटवला होता. शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची शिवराई तर एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होती. अर्थात, ती पुढच्या राजवटींतही पाडली गेली.

आजचं नाणं पोलादाचं किंवा मिश्रधातूचं. नोटेपेक्षा ते कितीतरी जास्त टिकतं, पण महागाई त्याला आधी संपवते. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली, ती काही झिजली म्हणून नव्हे.

आपल्या नागपुरात कुणी दहाचं नाणं नाकारलं तर ठाम सांगा: रिझर्व्ह बँकेने सगळ्या नमुन्यांची दहाची नाणी वैध असल्याचं स्पष्ट केलं आहे. ५० पैशांचं नाणंही अजून कायदेशीर आहे.