गड हुबेहूब झाला, आता खेळ घडवा

प्रश्न : ताई, मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव येळ्ळूर. आमच्या राजहंसगडावर एक मोबाइल गेम केलाय. तटबंदी, बुरूज, पायऱ्या, सगळं फोटो काढून हुबेहूब उतरवलंय. मावळा चालतो, पळतो, उडी मारतो, बाण सोडतो, होन गोळा करतो. मित्रांना दिला की "एक नंबर झालाय बघ" म्हणतात आणि पाच मिनिटांत मोबाइल परत देतात. ग्राफिक्स अजून सुधारू की गोष्ट वाढवू? सांगा की. सोबत गेम पाठवलाय.
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : दोन्ही आत्ता नको. गेम खेळले. गड खरंच देखणा झालाय, पायऱ्यांवरचं शेवाळसुद्धा तू सोडलेलं नाहीस. पण गड बघून झाला की करायला काही उरत नाही. तुझ्या मावळ्याला पाच गोष्टी येतात आणि त्यातली एकही दुसरीच्या आड येत नाही. बाण उगाच सोडला तर काय बिघडतं? होन राहून गेले तर काय अडतं? काहीच नाही. मग मित्रांनी डोकं कशासाठी चालवायचं?

खो-खोचं मैदान आठव. शाळेत मी तो खेळले आणि आजही नियम रचायला बसले की तोच डोळ्यांपुढं येतो. आठ गडी आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून बसलेले, नववा पाठलागावर. एकदा दिशा धरली की त्याला मागं वळता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला दोन्हीची मुभा. आता पाठलाग करणाऱ्यालाही मधून घुसायची परवानगी देऊन बघ. जो जोरात पळेल तो जिंकेल, खो द्यायची गरज संपेल आणि बसलेले आठजण नुसते बसून राहतील. हुलकावणी, ऐन वेळी दिलेला खो, खांबाजवळची धांदल, हे सगळं त्या दोन बंधनांतून जन्माला येतं. नियम म्हणजे मेकॅनिक्स, आणि ते पाळताना मैदानावर जे घडतं तो गेमप्ले. तुझ्या हातात फक्त पहिलं आहे, दुसरं त्यातून उगवावं लागतं.

चित्रांवाचून हे होतं का, अशी शंका येईल. 1984 मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी टेट्रिस केला तेव्हा त्यांच्या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती. कंस टाइप करून त्यांनी ठोकळे दाखवले. चार-चार चौकोनांचे सात आकार, फिरवायचे, बसवायचे, ओळ भरली की ती गायब. तेवढ्यावर जग वेडं झालं.

म्हणून माझं सांगणं असं : बाण काढ, होन काढ. एक क्रिया ठेव आणि तिला किंमत लाव. समज, रात्रीची वेळ आहे, खलिता घेऊन वर पोचायचंय आणि हातात मशाल आहे. पेटवली तर वाट दिसते, पण पहारेकऱ्याला तूही दिसतोस. विझवली तर तू लपतोस, पण पायरी कुठं संपते ते कळत नाही. पेटवू की विझवू, एवढा एकच प्रश्न. मग बुरुजाची सावली कामाची होते, येळ्ळूरच्या डोंगरावरचा तो भणाण वारा मशाल विझवायला लागतो, आणि तू खपून काढलेली प्रत्येक पायरी खेळणारा जीव मुठीत धरून चढतो. तुझी चित्रकला तेव्हा सार्थकी लागेल. पण आधी गड बाजूला ठेवून नुसत्या करड्या ठोकळ्यांवर हे करून बघ. ठोकळ्यांवर रंगलं तरच गडावर रंगेल.

आता उडीबद्दल, कारण इथं मी बराच वेळ अडकले. तटाच्या कडेवरून उडी मारताना माझा मावळा सारखा खाली कोसळत होता. पाय जमिनीला टेकलेले असतानाच उडी, असा कडक नियम तू लिहिलायस. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं येतात असं धर, म्हणजे एक चित्र साधारण 17 मिलिसेकंदांचं. डोळा कड बघतो, बोट दाबतं, तोवर पाय सुटलेला असतो. खेळणाऱ्याला मात्र पक्कं वाटतं की मी वेळेत दाबलं होतं. म्हणून कड सुटल्यावरही आणखी काही चित्रांपुरती उडी मान्य करायची. आमच्या धंद्यात याला 'कोयोटी टाइम' म्हणतात. 2018 च्या सेलेस्ट या गेममध्ये ही सवलत आहे. तसंच पाय टेकण्याच्या जरा आधी बटण दाबलं असेल तर ते लक्षात ठेवायचं आणि टेकल्याबरोबर उडी द्यायची. हे कुणाच्या नजरेस येत नाही, पण मावळा आपलं ऐकतो असं बोटांना वाटायला लागतं. ग्राफिक्ससाठी राखलेला वेळ इथं घाल.

आणि सुरुवातीच्या त्या सूचनांच्या पाट्या सगळ्या काढ. मी टिळकवाडीत राहते. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं एकत्र खेळतात. नवा गेम मी त्यांच्या हातात देते आणि तोंडातून शब्द काढत नाही. पाटी कुठल्याही भाषेत लिहा, कुणीतरी बाहेर राहतोच. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली पातळी बघ. मारिओ डावीकडं उभा, उजवीकडं मोकळी जागा, म्हणजे तिकडं जायचं. समोरून एक शत्रू येतो, धडकलास तर मेलास, पण सुरुवातच असल्यानं गमावलं काहीच नाही. पुढच्या वेळी आपसूक उडी मारतोस. वरच्या ठोकळ्यातून निघालेलं मशरूम नळीला आपटून तुझ्याकडंच परत येतं, त्यामुळं ते चांगलं असतं हेही कळून जातं. एक अक्षर वाचावं लागत नाही.

प्रश्न : विटा फोडायचा साधा गेम करतोय. अवघड केला की लोक सोडतात, सोपा ठेवला की कंटाळतात. मध्य कसा गाठायचा?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : मध्यावर थांबून राहू नका, अडचण खेळणाऱ्याच्या यशाबरोबर वाढू द्या. तोमोहिरो निशिकादो यांच्या 1978 च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू मरत गेले की यंत्राला कमी आकृत्या हलवाव्या लागत, म्हणून उरलेले भराभर सरकू लागत. ही यंत्राची मर्यादा होती. निशिकादोंनी ती तशीच ठेवली आणि शेवटचा शत्रू टिपणं सगळ्यांत थरारक झालं. तुमच्या गेममध्ये विटा कमी होतील तसा चेंडूचा वेग जरासा वाढवा. नवा नियम शिकवावा लागत नाही आणि वेग आपल्याच पराक्रमानं वाढला हे खेळणाऱ्याला ठाऊक असतं, त्यामुळं तो रागावून सोडत नाही.

प्रश्न : माझ्या आठवीतल्या लेकीला गेम डिझाइन शिकायचंय. घरी भारी कॉम्प्युटर नाही आणि तिची चित्रकला बेताची आहे.
– एक आई, खानापूर

उत्तर : वहिनी, दोन्हीवाचून काही अडत नाही. पुढं लागेल तेव्हा गोडो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि बेताच्या कॉम्प्युटरवरही छोटे गेम त्यात होतात. आत्ता वही पुरे. तिला लगोरीचा एकच नियम बदलायला सांगा, म्हणजे चेंडू डाव्या हातानंच मारायचा, किंवा रचणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही. शेजारच्या मुलांना तसं खेळू द्या आणि तिनं बाजूला बसून लिहावं : कोण वैतागलं, कुणी पळवाट काढली, कुणी "अजून एक डाव" म्हटलं. मग दुसरा नियम बदलायचा. अशी वही भरली की माझ्याकडं पाठवा, मला ती वाचायची आहे.