‘सगळ्यांना जमतं, मलाच नाही’

परीक्षेपेक्षा प्रोजेक्टला जास्त घाबरणारी मुलं माझ्याकडे दर वर्षी येतात. ‘मॅडम, लायब्ररीत काय शोधायचं तेच कळत नाही. सगळ्यांना जमतं, मलाच नाही.’ आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करायला पेठ, सुरगाणा, कळवणहून मुलं इथे येतात. अनेकांच्या घरातून कॉलेजात आलेली ही पहिलीच पिढी. त्यातल्या एकीबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. वॉर्डमधल्या कामात चोख. पण गाइड मॅडमनी प्रोजेक्टसाठी ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’, म्हणजे विषयावर आधी झालेल्या संशोधनाचा आढावा, मागितल्यापासून तिची झोप उडाली होती. तयार प्रोजेक्ट विकत मिळतो असं कुणीतरी सांगितलेलं. तो घ्यावा की कोर्सच सोडावा, इथवर विचार गेले होते.

‘लायब्ररीत गेल्यावर नेमकी कुठे अडतेस?’ मी विचारलं. ती रोज जात होती, रीडिंग रूममध्ये बसत होती. काउंटरपाशी मात्र एकदाही गेली नव्हती. ‘सर म्हणतील, शेवटच्या वर्षाला आलीस आणि एवढंही येत नाही?’

‘पहिलं इंजेक्शन कसं शिकलीस?’

‘ट्यूटर मॅडमनी करून दाखवलं. मग पुतळ्यावर सराव.’

‘आणि संदर्भ शोधायला कुणी करून दाखवलं?’

ती गप्प झाली. मला तिच्यात बुद्धीची कमतरता दिसत नव्हती. न शिकवलेली गोष्ट येत नाही याची लाज तेवढी दिसत होती. ही लाज फार नुकसान करते, म्हणून मी आधी त्या लाजेशीच बोलते, अभ्यासाशी नंतर.

विषय मराठीतच सांग म्हटल्यावर ती खुलली. ‘पाड्यावरच्या मुलींना शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. बऱ्याच जणी ती घेतच नाहीत. मळमळतं, शौचाला काळं होतं, मग घरचे घाबरतात.’ किती चांगला प्रश्न! काउंटरवर म्हणायचं वाक्य आम्ही कागदावर लिहिलं आणि मोठ्याने म्हणून पाहिलं: ‘सर, माझा विषय हा आहे. सुरुवात कुठून करू?’

ग्रंथपाल सरांनी तिला समोर बसवून घेतलं. तोवर ती गूगलवर अख्खं वाक्य टाकत होती. सरांनी त्याचे तीन तुकडे केले: किशोरवयीन मुली, लोहाची गोळी, गोळी नियमित घेणं. प्रत्येक तुकड्याचे इंग्रजी पर्यायी शब्द लिहिले, कारण ‘ॲडहिअरन्स’ म्हणून न सापडलेला लेख ‘कम्प्लायन्स’ म्हणून सापडतो. शोधताना एकाच तुकड्याच्या पर्यायांमध्ये ‘ऑर’ (यांपैकी कुठलाही चालेल) टाकायचं, वेगवेगळ्या तुकड्यांमध्ये ‘अँड’ (सगळे हवेत). पबमेड हा लेखांची माहिती देणारा साठा फुकट आहे. त्यात पूर्ण लेख मोफत असलेलेच दाखव, असंही सांगता येतं. पैसे मागणारा लेख दिसला की कार्ड काढायचं नाही, आधी लायब्ररीत विचारायचं. कॉलेजच्या वर्गणीत तो असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकंही मोफत आहेत, नाशिकचंही त्यात आहे. २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के रक्तक्षयी आढळल्या, हा आकडा तिने स्वतः शोधून मला दाखवला. एमएसडब्ल्यूच्या मुलांना मी याच्या जोडीला शोधगंगा सांगते. तिथे भारतातल्या पीएच.डी.चे प्रबंध मिळतात, मराठीतलेसुद्धा.

इंग्रजीची धास्ती लगेच जात नाही. तिला सांगितलं, आधी सारांश वाच, मग शेवटची चर्चा, आकडेमोड सर्वांत शेवटी. टिपण मराठीत काढ आणि लेखाचं नाव, वर्ष त्याच क्षणी लिहून ठेव. स्वतःच्या शब्दांत टिपण असलं की उचलेगिरीची भीतीही कमी होते. तयार प्रोजेक्टच्या मोहाबद्दल मी तिला रागावले नाही. तिला दुसरी वाट दिसत नव्हती, एवढंच.

सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, पहिल्या खेपेला परत आला, दुरुस्त्यांसह. या वेळी ती माझ्याकडे न येता थेट लायब्ररीत गेली. अजून हळू वाचते, पण झोप लागते.

तुमची झोप मात्र बरेच दिवस उडालेली असेल, सगळं सोडून द्यावंसं वाटत असेल, तर प्रोजेक्ट संपायची वाट पाहू नका. कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येतं.