बँकेचं ८ वर्षं जुनं कर्ज, आता कोर्टाचं समन्स आलंय, हजर राहायचं की नाही?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की पर्सनल लोनचा शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०१६ मध्ये भरला, दावा २०२४ मध्ये टाकलाय आणि मित्र म्हणून राहिले की जुनं झालं, जाऊ नको, आपोआप खारीज होईल. कृपा करून मित्रांचं ऐकू नका. मी ह्यातून गेली आहे म्हणून सांगते.

माझं नागपुरात नंदनवनला शिवणकामाचं दुकान होतं, ते बसलं, कर्जाचे ३८ हजार थकले. मग २०२२ मध्ये समन्स घेऊन बेलिफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, दारात, दावा १ लाख ६२ हजारांचा! शेजारीण म्हणाली घेऊच नको कागद. नशीब की घेतला, कारण समन्स नाकारलं तरी ते बजावल्यासारखंच धरतात, आणि आपण गेलोच नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो, म्हणजे आपलं न ऐकताच पैसे भरायचा निकाल, तो पुढे १२ वर्षं बजावता येतो, पगारावर जप्तीसुद्धा येऊ शकते.

आता मुदतीचं. साध्या उधारीचा दावा ३ वर्षांत टाकावा लागतो, १९६३ चा मुदत कायदा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये असंही आहे की आपण मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टानं खारीजच करायचा. मग जायचं काऊन? कारण दाव्यात समोरचा मुदत बसेल अशीच तारीख लिहितो, आणि खोडायला कोणी उभंच नसलं तर ती तारीख तशीच राहते.

माझ्या केसमध्ये हेच झालं. माझा शेवटचा भरणा ऑगस्ट २०१५ चा, म्हणजे ऑगस्ट २०१८ ला मुदत संपली. पण त्यांनी जोडलेल्या स्टेटमेंटच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती, मे २०१८, रोख जमा १०००. मी तर तेव्हा एक रुपया भरला नव्हता. ती ओळ खरी धरली असती तर मुदत मे २०२१ पर्यंत गेली असती, आणि कोरोनामुळे सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळलाय, म्हणजे दावा आरामात मुदतीत बसला असता. माझ्या वकील मॅडमनी एवढंच धरून ठेवलं की पैसे भरल्यानं मुदत वाढते ते भरणाऱ्याच्या हातचं किंवा सहीचं लेखी असलं तरच, तर ती सहीची स्लिप दाखवा. तीन तारखा गेल्या, स्लिप आलीच नाही. दावा मुदतबाह्य म्हणून खारीज झाला. म्हणून सांगते, त्यांच्याच कागदाची एकेक ओळ बोट ठेवून वाचा.

तुमचे ३ वर्षं नोव्हेंबर २०१९ ला संपलेले दिसतात, कोरोनाच्या आधीच, म्हणून ती सूट त्यांना मिळायला नको. फक्त हप्त्याच्या कर्जात प्रत्येक हप्त्याची तारीख वेगळी मोजतात, तर राहिलेले हप्ते कधीकधीचे होते आणि पूर्ण कर्ज परत मागितल्याची नोटीस कधीची हे बघा. मधल्या काळात तुम्ही कुठल्या कागदावर सही केली होती का तेही आठवा.

आणि आता तर कुठेच सही करू नका. वसुलीवाला गोड बोलून म्हणेल दादा, नुसतं लिहून द्या की देतो, केस मागे घेतो. मुदत गेलेलं कर्जसुद्धा फेडतो असं सही करून लेखी वचन दिलं की तो नवा करार होतो, करार कायद्याचं कलम २५ आहे. लोक अदालतीत तडजोड करायची असेल तर जरूर करा पण विचार करून, त्यावर अपील नसतं. कर्ज घेतलंच नाही असं खोटंही लिहू नका, घेतलं होतं पण दावा मुदतीबाहेर आहे एवढं पुरे. चेक बाऊन्सची केस असेल तर ती वेगळी, तिला हे लागू नाही.

समन्सवर ऑर्डर ३७ किंवा समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा, असं लिहिलंय का हे आजच बघा! असेल तर हजेरीला फक्त १० दिवस. साध्या दाव्यात लेखी जबाबाला ३० दिवस, कोर्टानं वाढवले तर ९०.

वकिलाला पैसे नाहीत म्हणता, तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे समन्स, दाव्याची कॉपी, आधार घेऊन जा. बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, मला तसाच मिळाला, आणि तुम्ही बुटीबोरीला कंपनीत कामगार आहात म्हणता, तर औद्योगिक कामगारालाही मिळतो, तसं अर्जात लिहा.

निकाल लागला की सर्टिफाइड कॉपी काढून ठेवा. मला नंतरही दोनदा फोन आले, दुसऱ्यांदा कॉपीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, तेव्हापासून एकही नाही.