डिस्क एक, वाटा चार

प्रश्न : नव्या लिनक्स सर्व्हरला फायबर चॅनलवरून (स्टोरेजच्या वेगळ्या नेटवर्कवरून) ५०० जीबीचा एक लन (स्टोरेजमधून वाटून दिलेली आभासी डिस्क) मिळालाय. डिस्कची यादी देणारी 'एलएसबीएलके' कमांड मात्र ५०० जीबीच्या चार डिस्क दाखवते, एसडीबी ते एसडीई. स्टोरेजवाल्यांनी चुकून चार लन दिले का? सध्या एसडीबी माउंट करून काम सुरू केलंय.

उत्तर : लन एकच आहे, तुम्हाला दिसतात त्या वाटा. एचबीएचे (सर्व्हरमधल्या फायबर चॅनल कार्डाचे) दोन पोर्ट आणि झोनिंगमधून (कुणाला कोण दिसेल हे ठरवणाऱ्या स्विचच्या नियमांतून) प्रत्येकाला दिसणारे अ‍ॅरेचे (स्टोरेज यंत्राचे) दोन पोर्ट, दोन दुणे चार. 'एससीएसआय_आयडी' चालवून चौघांचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (लनचा ओळख क्रमांक) पाहा, शेवटच्या अंकापर्यंत तोच येईल.

आत्ताची मांडणी धोक्याची आहे. एसडीबीची केबल निघाली तर दुसऱ्या केबलवरच्या वाटा जिवंत असूनही फाइल सिस्टिम बसेल. आणि कुणी एसडीसी रिकामी समजून फॉरमॅट केली, तर चालू डेटावरच नांगर फिरेल.

थोडा डाउनटाइम मागून घ्या. बॅकअप घ्या, अ‍ॅप्लिकेशन थांबवा, अनमाउंट करा. एसडीबी माउंट असेपर्यंत मल्टिपाथला (एकाच डिस्कच्या वाटा एका नावाखाली जोडणाऱ्या सोयीला) ती ताब्यात घेता येत नाही, 'डिव्हाइस बिझी' म्हणत मॅप बनतच नाही. रेड हॅट कुळातल्या लिनक्सवर 'एमपाथकॉन्फ --इनेबल' द्या आणि त्याची सेवा, मल्टिपाथडी, सुरू करा. 'मल्टिपाथ -एलएल' मध्ये एमपाथए हे एक नाव आणि त्याखाली चार वाटा दिसल्या, की एफएसटॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्या यादीत) एसडीबीच्या जागी '/डेव्ह/मॅपर/एमपाथए' लिहा. फॉरमॅट करू नका, डेटा आहे तिथेच असतो. वर एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे विभागणारा थर) असेल आणि 'डुप्लिकेट पीव्ही'ची (एकच डिस्क अनेकदा दिसल्याची) तक्रार येत असेल, तर एलव्हीएमच्या फिल्टरमध्ये या सुट्या एसडी डिस्क नाकारा. मग बूटची सुरुवातीची प्रतिमा नव्याने बांधणारं 'ड्रॅकट -एफ' विसरू नका. नाहीतर पुढच्या रीबूटला एलव्हीएम एखादी सुटी वाट आधीच पकडून बसतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न : दोन वाटांना प्रायो (प्राधान्य) ५० आणि दोनांना १० दिसतं. १० वाल्यांवर लोडच नाही. केबल खराब असतील का?

उत्तर : नाही, हे आलुआ आहे, म्हणजे अ‍ॅरेने वाटांना दिलेला पसंतीक्रम. लन अ‍ॅरेमधल्या ज्या कंट्रोलरच्या मालकीचा, त्याच्या वाटा ५० च्या गटात. दुसऱ्या कंट्रोलरच्या १० च्या गटात राखीव. पहिला गट पूर्ण पडला, तरच त्यांची पाळी येते.

चारही ५० दिसल्या तर मात्र कान टवकारा. दोन्ही कंट्रोलर बरोबरीने काम करणारा अ‍ॅरे असेल तर ठीक. नसेल तर चारही वाटा बहुधा एकाच कंट्रोलरवर जाताहेत. आकडा चार आणि आधार एकाचाच. 'एलएसएससीएसआय -टी' मधले टार्गेटचे डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचे ओळख क्रमांक) अ‍ॅरेच्या पोर्ट यादीशी ताडून पाहा. एचबीएचे दोन्ही पोर्ट एकाच स्विचमध्ये खोचलेले नाहीत ना, हेही रॅकमागे जाऊन डोळ्यांनी बघा. लेबलवर विसंबू नका.

प्रश्न : चाचणीसाठी दोन्ही केबल काढल्या, तर डेटाबेस थिजला. 'किल -९' नेही मरेना.

उत्तर : तुमच्या कॉन्फिगमध्ये 'नो_पाथ_रिट्राय' ला 'क्यू' दिलेलं असणार. एकही वाट उरली नाही की आय-ओ (डिस्कवरचं वाचन-लेखन) रांगेत थांबतो, अगदी अनंत काळ, आणि त्याची वाट पाहणारी प्रोसेस डी स्थितीत (मारताही न येणाऱ्या प्रतीक्षेत) अडकते. आत्ता सोडवायचं असेल तर 'मल्टिपाथडी डिसेबलक्यूइंग मॅप एमपाथए'. त्यानंतर आय-ओला एरर मिळेल, फाइल सिस्टिम तपासूनच पुन्हा माउंट करा.

कायमसाठी 'क्यू' ऐवजी आकडा द्या. 'पोलिंग_इंटरव्हल' (वाटा तपासण्यातलं अंतर) ५ सेकंद असताना १२ दिले, तर शेवटची वाट गेल्यावर साधारण मिनिटभर रांग थांबते. थेट 'फेल' देणं आम्हाला पसंत नाही; क्षणभराच्या खंडानेही फाइल सिस्टिमचं लिहिणं बंद पडू शकतं.

आणि चाचणी एका वेळी एका केबलची. काढल्यावर तिच्या वाटा 'फेल्ड फॉल्टी' दिसू द्या, परत लावल्यावर 'अ‍ॅक्टिव्ह रेडी' होईपर्यंत थांबा, मगच दुसरीला हात लावा.