डिनरमध्ये एन किती?

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीला राहतो, मुलगा सहावीत आहे, सेमी इंग्लिशला. डिक्टेशनमध्ये दर वेळी डबल अक्षरांचेच मार्क जातात. डिनरला एकच एन लिहितो आणि रायटिंगला दोन टी. मी म्हणते नीट ऐकून लिही, तर म्हणतो आई ऐकू एकच येतं. काही नियम आहे का, की नुसतं पाठच करायचं?

उत्तर : मुलाचं बरोबर आहे हो, एकच येतं ऐकू! आपण गल्ली, पत्ता, बिल्ला जोर देऊन बोलतो म्हणून जोडाक्षर लिहितो आणि तीच सवय घेऊन पोरं इंग्लिशला बसतात. इंग्लिशमधलं ते दुसरं अक्षर बहुतेक वेळा बोलायचं नसतंच, आधीचा स्वर आखूड ठेवायला ते बसवलेलं असतं. डिनरमधला एक एन काढा, डायनर झालं. सपरमधला एक पी काढा, सुपर. रायटिंगमध्ये आय चांगला 'आय' असा लांब वाजतो म्हणून टी एक, रिटनमध्ये आखडतो म्हणून टी दोन. तेव्हा नीट ऐक म्हणताय ते ठीकच, फक्त कान आधीच्या स्वरावर ठेवायला सांगा. टिफिन, कॉफी, बटर, घरातलेच शब्द घ्या, सगळे याच नियमातले. सिटी, स्टडी, लिमिट मात्र नियम मोडतात, ते पाठच करायचे, इलाज नाही.

बिगिनिंगला डबल एन पण ओपनिंगला एकच, हे जरा अवघड जातं, कारण तिथे जोर कुठे आहे ते बघायचं. बिगिनमध्ये जोर 'गिन'वर, ओपनमध्ये 'ओ'वर. शेवटी जोर असेल तर डबल.

आणि अकोमोडेशन! घणसोलीला पीजीच्या एका बोर्डावर मी एकच एम बघितला होता. खऱ्या स्पेलिंगमध्ये सी पण दोन आणि एम पण दोन, कारण ती चक्क संधी आहे, लॅटिनमधली. मूळ ॲड, कॉम आणि मोडस, त्यातल्या ॲडचा डी पुढच्या सीसारखा झाला, आपल्या उत् अधिक ज्वल, उज्ज्वलसारखाच. (तिथेही आपण एक ज खातोच की.)

ट्रॅव्हलिंग मात्र या जोराच्या नियमात बसत नाही. मोबाइलमध्ये अमेरिकन इंग्लिश लावलेलं असेल तर तो एक एल दाखवेल, पण शाळेच्या वहीत दोनच लिहू दे, आपल्याकडे शाळेत ब्रिटिश स्पेलिंग चालतं.