वन बीएचके, बेताचं बजेट आणि कुत्रा: शेल्टरमधूनच घ्या, पण पिल्लू नको

ताई, कुत्रा विकत घ्यायचा की शेल्टरमधून, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणायचा, हा तुमचा प्रश्न वाचला. डोंबिवलीत वन बीएचके, दोघांची नोकरी, मुलगी तिसरीत, दिवसभर घरी फक्त सासूबाई, ओळखीतला एकजण लॅब्रेडॉरचं पिल्लू पंधरा हजारात देतोय, मिस्टरांचं म्हणणं शेल्टरमधली कुत्री आजारी असतात, आणि तुम्हाला धास्ती डॉक्टरच्या बिलांची. तुमच्या प्रश्नाखाली बऱ्याच जणांनी विकत घेऊ नका, दत्तक घ्या असं लिहिलंय, ते बरोबरच आहे, पण त्याने तुमच्या बजेटचा प्रश्न काही सुटत नाही. मी बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी शेल्टरला मदतीला जातो त्यामुळे कोणाचं बिल कशामुळे फुगतं हे जवळून बघितलंय. माझं सरळ मत: शेल्टरमधूनच घ्या, पण पिल्लू घेऊ नका. दीड-दोन वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, लसी झालेली देशी कुत्री घ्या.

तुमची मुलगी रुसेल हे मला माहितीये, सगळ्यांना पिल्लूच हवं असतं. पण खर्चाचं गणित बघा. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी एक, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, शिवाय तीन महिन्यांनंतर अँटी रेबीज आणि त्याचा बूस्टर, दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, आणि मग ऑपरेशन. मादीचं ऑपरेशन प्रायव्हेटला करायचं तर तोच एक मोठा आकडा असतो. आणि हे सगळं नीट चाललं तर. पिल्लाच्या पहिल्या काही महिन्यांत खरी भीती असते पार्वोची, म्हणजे पोटाच्या एका जीवघेण्या व्हायरसची. आज थोडं सुस्त, उद्या उलट्या, परवा रक्ताचे जुलाब, मग रोज सलाइन, रोज इंजेक्शनं, कोणीतरी रजा टाकून बसायचं, आणि एवढं करूनही पिल्लू वाचेलच असं नाही. प्रायव्हेटला हे बिल सहज पाच आकडी होतं. लसी पूर्ण व्हायच्या आधी पिल्लाला खाली नेऊ नका म्हणतात ते यासाठीच, हा व्हायरस जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, चपलेला लागून घरात येतो, साध्या फिनाइलने मरत नाही, पातळ केलेल्या ब्लीचने मरतो. आणि विकत घेतलेल्या पिल्लाला पार्वो होत नाही असं काही नाही हं, उलट ३५-४० दिवसांची पिल्लं 'पहिली लस झालीये' म्हणून गळ्यात मारतात तेव्हा जास्तच. २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि ब्रीडरचं रजिस्ट्रेशन लागतं. तुमच्या ओळखीच्या माणसाला हे दोन प्रश्न विचारा, उत्तर काय येतंय ते बघा.

याउलट दोन वर्षांची शेल्टरमधली कुत्री म्हणजे पार्वोचं वय मागे पडलेलं, ऑपरेशन आधीच झालेलं (कानाला खाच दिसेल, भटक्या कुत्र्यांचं ऑपरेशन झालं की ओळखू यावं म्हणून ती करतात), वाढून वाढून किती वाढणार ते समोर दिसतंय, दात येताना सोफा कुरतडणं संपलेलं. सगळ्यात महत्त्वाचं, स्वभाव कळलेला असतो. पिल्लू मोठं झाल्यावर कसं निघेल हे कोणीच सांगू शकत नाही, पण ही कुत्री लहान मुलांशी कशी वागते, दिवाळीत फटाक्यांना किती घाबरते, जेवणाच्या भांड्याजवळ कोणी गेलं तर गुरगुरते का, हे तिथे रोज झाडलोट करणाऱ्या मावशी तुम्हाला एका मिनिटात सांगतील. डॉक्टरांच्या आधी त्यांना विचारा, खरंच.

मिस्टरांचा मुद्दा अर्धा खरा आहे. शेल्टरला प्राणी येतात तेच मुळी आजारी किंवा जखमी म्हणून, त्यामुळे खरूज, गोचीड, खोकला हे तिथे असतंच. पण दत्तक द्यायला काढलेली मोठी कुत्री त्यातून पार पडलेली असते. आमच्याकडे एक तांबडी कुत्री होती, गाडीखाली पाय सापडून आलेली, हाड जुळलं पण चाल जराशी लंगडी राहिली. दर रविवारी माणसं यायची आणि तिच्यासमोरून सरळ पिल्लांच्या पिंजऱ्याकडे जायची. ती उठायची, शेपूट हलवत जाळीपर्यंत यायची, माणसं पुढे गेली की परत जाऊन गोणपाटावर बसायची. शेवटी ठाण्याच्या एका रिटायर्ड जोडप्याने नेली. लंगडण्यावर त्यांना आजवर दवाखान्याची पायरी चढावी लागलेली नाही, खर्च म्हणजे वर्षाच्या लसी आणि गोचिडीचं औषध, बास.

बघायला जाल तेव्हा तिचं कार्ड मागा. ऑपरेशन कधी झालं, अँटी रेबीज आणि बाकीच्या रोगांची लस कधी दिली, टिक फिव्हर (गोचिडीमुळे येणारा ताप) होऊन गेलाय का, आणि ही शेल्टरला आली कशी, रस्त्यावरून की कोणी घरातून आणून सोडली. घरातून सोडली असेल तर कारण विचारा, बऱ्याचदा 'बदली झाली', 'बाळ झालं' असलंच काहीतरी असतं आणि कुत्रीची काही चूक नसते, पण चावल्यामुळे सोडली असेल तर लहान मुलीच्या घरात नको. पिंजऱ्यातल्या वागण्यावर जाऊ नका, पट्टा लावून गेटबाहेर दहा मिनिटं फिरवून आणा. आणि सासूबाईंना नक्की न्या. दिवसभर तिच्यासोबत त्या असणार आणि त्यांचं मन नसेल तर ते कुत्रं दोन महिन्यांत परत येतं.

शेल्टरवाले तुमचीच मुलाखत घेतील. घर स्वतःचं की भाड्याचं, घरातले सगळे तयार आहेत का, गावाला गेलात तर कुत्री कुठे ठेवाल, आधारची कॉपी द्या, कोणीतरी घर बघायला येईल. काही लोकांना याचा फार राग येतो, की आम्ही उपकार करतोय आणि हेच आमची चौकशी करतायत. पण नेऊन महिनाभराने हायवेला सोडून देणारे एवढे असतात की त्यांनाही इलाज नाही. पाळलेला प्राणी असा सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड किती लिहिलाय, तर दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात वडापावची प्लेटसुद्धा जेमतेम येते.

आता डॉक्टरचा खर्च. मुंबईत स्वस्त उपचार म्हटलं की परळचं बैलघोडा हॉस्पिटल. पाटीवर नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगा. १८८३ चं आहे ते, बॉम्बे एसपीसीए ही प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था चालवते, आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. त्यामुळे तिथे शिकाऊ डॉक्टर असतात, वर मोठे डॉक्टर असतात, एक्स-रे, सोनोग्राफी, ऑपरेशन सगळं एका ठिकाणी, आणि प्रायव्हेटच्या मानाने बिल बरंच कमी. पण तिथे गेल्यावर एसी वेटिंग रूम शोधू नका. केसपेपर काढायचा आणि थांबायचं. तुमच्या एका बाजूला बकरी असेल, दुसऱ्या बाजूला कोणीतरी बुटाच्या खोक्यात पोपट घेऊन बसलेला असेल, समोर कोणाचं तरी रॉटवायलर सगळ्यांवर भुंकत असेल. तुमची कुत्री घाबरून चावायला बघेल म्हणून कंपाउंडर गॉजच्या पट्टीचा फास तोंडाभोवती टाकतो आणि कानामागे गाठ मारतो, ते बघून रडू नका, दुखत नाही. स्वतःचा मझल (तोंडाला लावायची जाळी) असेल तर न्या, पाण्याची बाटली न्या, जुना टॉवेल न्या, आणि सकाळी लवकर पोचा. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय, सोयी भारी आहेत, पण शेल्टरचे दर असतील असं समजून जाऊ नका.

तरी डोंबिवलीकरांनी एक लक्षात घ्या. कुत्रं घेऊन परळला जायचं म्हणजे कॅब, आणि कॅबच्या जाण्यायेण्याच्या भाड्यात जवळच्या प्रायव्हेट डॉक्टरकडे दोन लसी होतात. त्यामुळे परळ ठेवा ऑपरेशन, फ्रॅक्चर, निदानच होत नाहीये असल्या मोठ्या कामांना. लसी, जंताचं औषध, कान साफ करणं हे जवळच करा. पशुसंवर्धन खात्याचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात, लोकांना वाटतं ते फक्त गाई-म्हशींचे, पण कुत्री-मांजरीही बघतात, केसपेपर नाममात्र असतो. सगळी औषधं असतीलच असं नाही, आधी चौकशी करून जा. आणि ६ जुलै आणि २८ सप्टेंबर या दोन तारखा कॅलेंडरवर मार्क करा. ६ जुलै जागतिक झुनोसिस दिवस, म्हणजे प्राण्यांकडून माणसांना होणाऱ्या रोगांचा दिवस (१८८५ साली याच तारखेला पाश्चरने एका मुलाला रेबीजची पहिली लस दिली होती), २८ सप्टेंबर जागतिक रेबीज दिवस. या सुमाराला सरकारी दवाखाने आणि संस्था ठिकठिकाणी अँटी रेबीजची मोफत शिबिरं घेतात.

एक गैरसमज नेहमी दिसतो, की शेल्टरला म्हणजे सगळं फुकट. फुकट असतं ते रस्त्यावरच्या प्राण्यांचं. महापालिकेची गाडी येऊन नसबंदीला नेते ती भटक्या कुत्र्यांसाठी. पाळीव प्राण्याच्या लसी, जंत आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, असं २०२३ च्या एबीसी (प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या) नियमांत स्पष्ट लिहिलंय. शेल्टरची ओपीडी पाळीव प्राण्यांना जे कमी पैसे लावते त्यातला फरक कोणाच्या तरी देणगीतून भरला जातो, म्हणून आपल्याला झेपतं तेवढं द्यावं, आणि आयफोन काढून 'थोडं कमी करा ना' म्हणू नये. हे तुम्हाला नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांना!

बिल खरं वाचतं ते लवकर गेल्याने. टिक फिव्हर घ्या. पावसाळ्यात आणि नंतर गोचिडी वाढतात, एका गोचिडीनेही होऊ शकतो. कुत्रीने दोन वेळा जेवण टाकलं, अंग गरम, हिरड्या पांढरट दिसतायत, की दुसऱ्या दिवशी रक्त तपासा. प्लेटलेट कमी आले आणि तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या तर तीन-चार आठवड्यांचा डॉक्सीचा (डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा) कोर्स, साध्या स्वस्त गोळ्या आहेत त्या. आठवडाभर 'गरमीने जेवत नसेल' म्हणत बसलात तर नाकातून रक्त, मग सलाइन, वेळ पडली तर रक्त चढवायचं, आणि तिथे तुमचं वर्षाचं बजेट गेलं. रोज संध्याकाळी फिरून आल्यावर कानाच्या आत, पायाच्या बोटांच्या मधे, पट्ट्याखाली बोटं फिरवून बघा, मुलीला हे काम द्या, तिला आवडेल.

डॉक्टरांशी पैशांचं आधीच बोला, लाजू नका. 'डॉक्टर, आत्ता एवढेच आहेत, यात आधी काय करणं गरजेचं आहे' असं विचारलं की चांगला डॉक्टर दहा टेस्टमधल्या दोन निवडून देतो, आणि जो चिडतो त्याच्याकडे परत जाऊ नका. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, बरीचशी औषधं माणसांचीच असतात आणि जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. पण डोस डॉक्टरांचाच. घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम मनाने देऊ नका, मांजराला तर पॅरासिटामोलची एक गोळी जीव घ्यायला पुरते. आणि बँकेत महिना पाचशेची आरडी कुत्रीच्या नावाने उघडा, वर्षाला सहा हजार जमतात, वार्षिक लसी त्यातून होऊन वर हाताशी काहीतरी उरतं.

खाण्याचा खर्च तुम्ही विचारलेलाच नाही, पण देशी कुत्रीला महागडं पाकीट लागतंच असं नाही. भात, उकडलेलं चिकन किंवा अंडी, भोपळा-गाजर, मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण अजिबात नाही. नुसती पोळी-दूध आणि बिस्किटं यावर मात्र ठेवू नका, मग खाज सुरू होते आणि स्किनच्या डॉक्टरला पैसे जातात.

सेक्रेटरी 'सोसायटीत कुत्री चालत नाहीत' म्हणाले असं लिहिलंयत. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू देणार नाही असंही म्हणता येत नाही. त्याची प्रिंट काढून ठेवा पण पहिल्याच दिवशी तोंडावर फेकू नका. आधी महापालिकेचं लायसन्स काढा, त्याला अँटी रेबीजचं सर्टिफिकेट लागतं, दोन्हीची झेरॉक्स सेक्रेटरींना स्वतःहून नेऊन द्या आणि शी उचलायला पिशवी बरोबर ठेवा, निम्मी भांडणं त्या शीवरूनच असतात.

पहिले काही दिवस कुत्री पलंगाखाली बसून राहील, जेवणार नाही, घरात शू करेल. मुलीला सांगून ठेवा की जवळ ओढायचं नाही, ती स्वतः येईल. आणि खेळताना दात किंवा नख लागून रक्त आलं तर कुत्रीच्या लसी झाल्यात म्हणून दुर्लक्ष नको, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि महापालिकेच्या हॉस्पिटलला दाखवायचं, तिथे माणसांची रेबीजची लस मोफत असते.

तरीही मन तयार होत नसेल तर शेल्टरला 'आधी फॉस्टर करतो' म्हणून विचारा. महिनाभर घरी ठेवायची, बऱ्याच ठिकाणी तेवढ्या काळातला औषधाचा खर्च तेच करतात, जमलं तर दत्तकाचे कागद नाहीतर परत. कोणती पसंत पडली तर इथे तिच्या कार्डाचा फोटो, वजन आणि अंदाजे वय टाका, कोणती लस राहिलीये आणि तुमच्या बाजूला ती कुठे स्वस्तात होईल ते बघून सांगतो.