अमेरिकेत टीव्ही स्टेशनने नेटवर्क बदललं की लोकल बातम्या कमी होतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेतली लोकल टीव्ही स्टेशनं सीबीएस, एबीसी, फॉक्स अशा मोठ्या नेटवर्कशी करार करतात, तर तो करार मोडला की त्या शहराच्या बातम्यांचं काय होतं? कमी होतात का?

मी पाहिलं ते जवळजवळ उलटं होतं. ज्या स्टेशनला नेटवर्क सोडून गेलं तिथे बातम्या वाढल्या आणि ज्याच्या पदरात ते पडलं तिथे वर्षानुवर्षं बातमीपत्रच नव्हतं. हे डेट्रॉइटमध्ये १९९४ साली घडलं. मी तेव्हा तिथे नवाच होतो, एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात.

आधी करार म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे ही भानगड नाही. स्टेशन, म्हणजे लायसन्स, टॉवर, स्टुडिओ, वार्ताहर, हे सगळं एका मालकाचं. नेटवर्क त्याला संध्याकाळच्या मालिका, खेळ आणि देशाच्या बातम्या पुरवतं. दुकान गावातल्या माणसाचं, पाटी कंपनीची. फक्त कंपनीचा माल दिवसातले ठरावीक तासच विकायचा, उरलेल्या तासांत मालकाने स्वतःचं काहीतरी मांडायचं. सह्याद्री दूरदर्शनचंच आहे, ते उद्या उठून दुसऱ्या कुणाचं होऊ शकत नाही. डेट्रॉइटचं चॅनेल २ मात्र झालं.

आमच्या अपार्टमेंटमध्ये गराज सेलमधून आणलेला टीव्ही होता, दोन खटक्यांचा. वरच्या खटक्यावर २ ते १३ चॅनेल, खालच्यावर १४ च्या पुढची. वरच्यासाठी सशाच्या कानांसारख्या दोन काड्या, खालच्यासाठी तारेचं एक गोल कडं. माझा रूममेट नागपूरचा. रविवारी संध्याकाळी ७ वाजता सीबीएसवरचं ‘६० मिनिट्स’ बघायचं म्हणजे बघायचंच, भात नंतर. ११ डिसेंबर १९९४ चा रविवार होता. त्याने नेहमीप्रमाणे २ लावलं आणि ओरडला, “अबे, हे काय लावून ठेवलंय?” २ वर फॉक्स आलं होतं. सीबीएस गेलं होतं ६२ वर. खालचा खटका इतका कमी वापरलेला की ६२ पर्यंत नेताना करकरत होता. मग तारेच्या कड्याला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळून, एकाने ते खिडकीशी धरून, असं आम्ही ते पाहिलं. नदीपलीकडच्या कॅनडातल्या विंडसरचं चॅनेल ९ आम्हाला त्यापेक्षा स्वच्छ दिसायचं.

हे सगळं फुटबॉलमुळे झालं (त्यांच्या फुटबॉलमुळे, हाताने फेकायच्या). सीबीएस १९५६ पासून ते सामने दाखवत होतं. डिसेंबर १९९३ मध्ये रुपर्ट मर्डॉक यांच्या फॉक्सने त्यातल्या एनएफसी गटाचे हक्क चार वर्षांसाठी १५८ कोटी डॉलर मोजून उचलले. सामने तर मिळाले, पण फॉक्सची बहुतेक स्टेशनं त्या खालच्या खटक्यावरची. मग २३ मे १९९४ ला फॉक्सने न्यू वर्ल्ड नावाच्या कंपनीत ५० कोटी डॉलर घालून तिची बारा स्टेशनं आपल्याकडे वळवली. डॅलस, अटलांटा, डेट्रॉइट, मिलवॉकी, टँपा अशी. यादी बघितली की एनएफसीच्या संघांची गावंच वाचतोय असं वाटतं. आमच्या डेट्रॉइटचा लायन्स संघ त्यातलाच.

आता सीबीएसला नवं घर हवं होतं. डेट्रॉइटमध्ये त्यांनी चॅनेल ७ ला गळ घातली. ते एबीसीचं, शहरातलं दणकट स्टेशन, मालक स्क्रिप्स कंपनी. स्क्रिप्सने ही मागणी एबीसीपुढे टाकली. डेट्रॉइट आणि क्लीव्हलँडची आमची स्टेशनं हवीत ना, मग फिनिक्स, टँपा आणि बाल्टिमोरमध्येही आम्हालाच घ्या. एबीसीने दहा वर्षांचा करार केला. त्यात बाल्टिमोरच्या डब्ल्यूजेझेडचा बळी गेला. ओप्रा विन्फ्रे सत्तरच्या दशकात जिथे बातम्या वाचायच्या ते हे स्टेशन, एबीसीचं जुनं आणि एकनिष्ठ. त्याच्या मालकांनी, म्हणजे वेस्टिंगहाउसने, चिडून आपली स्टेशनं सीबीएसला दिली आणि पुढच्याच वर्षी आख्खं सीबीएसच विकत घेतलं. डेट्रॉइटमध्ये मारलेली घासाघीस बाल्टिमोरच्या माणसाला संध्याकाळी सहाला भोवली, आणि यात कुठेही, कुणाच्याही टेबलावर, ‘बातम्या’ हा विषय नव्हता. तो मुद्दा लक्षात ठेवा.

तर ७ हललं नाही, ४ एनबीसीचं होतं, ५० पॅरामाउंटने स्वतःच्या नव्या नेटवर्कसाठी ठेवलं होतं. सीबीएसला उरलं ६२. हे ६२ म्हणजे डब्ल्यूजीपीआर. १९७५ मध्ये सुरू झालेलं, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं कृष्णवर्णीयांच्या मालकीचं पहिलं टीव्ही स्टेशन. विल्यम बँक्स यांनी ते उभं केलं. पैशाची कायम ओढाताण, पण सुरुवातीला तिथे स्वतःचं बातमीपत्र होतं, आणि दुसरीकडे ज्यांना कुणी कॅमेऱ्यापुढे उभं केलं नसतं अशी माणसं तिथे शिकली. पुढे चॅनेल ५० वर वर्षानुवर्षं रात्री दहाच्या बातम्या वाचणाऱ्या अमीर मेकप्सन तिथूनच आल्या. सीबीएसने ते २.४ कोटी डॉलरला घेतलं. शहरातल्या बऱ्याच कृष्णवर्णीय लोकांना ते लागलं. आमच्या कारखान्यातला एक वयस्कर फोरमन एवढंच म्हणाला होता, “आमचं एक होतं.” बँक्स यांच्या नावाने आता त्याच जुन्या इमारतीत संग्रहालय आहे.

आणि सीबीएसने त्या ६२ वर बातम्यांचं काय केलं? काही नाही. देशातल्या पहिल्या दहा बाजारपेठांपैकी एक शहर, नेटवर्कच्या स्वतःच्या मालकीचं स्टेशन, आणि लोकल बातमीपत्र नाही. साडेसहाला न्यूयॉर्कहून देशाच्या बातम्या यायच्या. आपल्या शहरात काय झालं हे सांगायला मागे पुढे कुणी नाही. रात्री अकराला ४ लावा की ७, बातम्या. ६२ वर जुन्या मालिकेतले हशे. २००१ मध्ये रात्रीचं बातमीपत्र सुरू केलं, २००२ संपता संपता बंद केलं. ज्याला खरा बातम्यांचा विभाग म्हणता येईल तो तिथे जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी.

का, तर हिशेब सोपा होता. २, ४, ७ आणि ५० अशी चार स्टेशनं आधीच बातम्या देत होती, लोकांच्या सवयी पक्क्या होत्या. पाचव्याने स्टुडिओ बांधायचा, गाड्या घ्यायच्या, माणसं भरायची आणि मग कुणीतरी बघेल याची पाच वर्षं वाट बघायची. मालिकांच्या जाहिरातींवर पैसे मिळतच होते.

चॅनेल २ चं गणित याच्या बरोबर उलट. सीबीएस दिवसभर माल पुरवायचं, सकाळचा कार्यक्रम, दुपारच्या रडक्या मालिका, संध्याकाळचे तीन तास, मग उशिराचा गप्पांचा कार्यक्रम. फॉक्स संध्याकाळी फक्त दोन तास द्यायचं, आठ ते दहा. ना सकाळचं काही, ना देशाचं बातमीपत्र. उरलेले तास भरायचे कशाने? बाहेरून कार्यक्रम विकत घ्यायचे तर पैसे मोजा. वार्ताहर, कॅमेरे, ओबी व्हॅन तर घरचेच होते. म्हणून पहाटेपासून बातम्या, रात्री दहाला बातम्या. न्यू वर्ल्डच्या सगळ्याच गावांत थोड्याफार फरकाने हेच झालं. ही वाट मायामीच्या चॅनेल ७ ने आधीच दाखवली होती. १ जानेवारी १९८९ ला एनबीसी सोडून गेल्यावर लोक म्हणाले संपलं हे स्टेशन, तर त्यांनी बातम्यांचा धडाकाच लावला. पण कसल्या? खून, पाठलाग, पोलिसांच्या पिवळ्या फिती. पुढे तिथल्या काही हॉटेलांनी पर्यटक घाबरतात म्हणून खोल्यांमधून ते बातमीपत्र बंद केलं होतं!

म्हणून ‘वाढल्या’ म्हणताना मी जरा अडखळतो. बर्फामुळे घरी अडकलो होतो तेव्हा एकदा एका चॅनेलवर (कुठल्या ते सोडा) पहाटे पाच ते नऊ मोजत बसलो. गोदामाला लागलेली एकच आग सात वेळा दाखवली. निवेदक दोनदा बदलले, आग तीच. तास वाढले तेवढे वार्ताहर वाढले नाहीत. नगरपालिकेच्या सभेला पूर्वी जाणारा माणूस आता बाहेर रस्त्यावर उभा राहून “माझ्यामागे तुम्हाला दिसतंय ते…” करत होता. तुम्हाला अभ्यासासाठी हवं असेल तर तासांचे आकडे घेऊ नका. लागोपाठची दोन बातमीपत्रं बघा आणि दुसऱ्यात नवीन किती आहे ते मोजा.

पुढची गोष्ट पैशाची, थोडक्यात. त्या काळी नेटवर्क स्टेशनला पैसे द्यायचं, की बाबा आमचे कार्यक्रम दाखव. आता गंगा उलटी वाहते. केबलवाले स्टेशनला पैसे देतात आणि त्यातला मोठा वाटा नेटवर्क मागून घेतं. सॅन फ्रान्सिस्कोचं क्रॉन हे स्टेशन २००० मध्ये यंग ब्रॉडकास्टिंगने एनबीसीच्या नाकावर टिच्चून विकत घेतलं, तर एनबीसीने वर्षाला पैसे मागितले. जमलं नाही आणि १ जानेवारी २००२ ला नेटवर्क गेलं. त्यांनीही तास बातम्यांनीच भरले, पण कर्ज एवढं की २००९ मध्ये यंगने दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा नेटवर्क गेलं की बातम्या वाढतात हा काही नियम नाही. वाढतात, आणि मग पैसे पुरले तर टिकतात.

ताजं उदाहरण हवं असेल तर ऑगस्ट २०२५ बघा. मायामीचं चॅनेल १० एबीसीशी पैशावर न जमल्याने स्वतंत्र झालं. त्याच महिन्यात अटलांटाचं चॅनेल ४६ सीबीएसपासून वेगळं झालं आणि त्यांनी बातम्यांचे तास वाढवले. हे ४६ म्हणजे १९९४ मध्ये चॅनेल ५ फॉक्सकडे गेल्यावर सीबीएसला सापडलेलं स्टेशन. त्यापूर्वी सीबीएसने नाइलाजाने तिथलं ६९ विकत घ्यायचं ठरवलं होतं, ४६ मिळालं म्हणून ते सोडून दिलं. आता अटलांटात सीबीएस लागतं ते त्याच ६९ वर.